नियमही डोळस हवा

अग्निशमन दलाच्या भरतीसाठी मैदानावर पहाटेपासून रांगा लागतात. त्या रांगांत उभी राहणारी मुले कोण, याची आपल्या शहरातील सुशिक्षित वर्गाला फारशी कल्पना नसते. कोणी घाटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा असतो, कोणी गिरणगावातील चाळीत वाढलेला असतो, तर कोणी केवळ या एका परीक्षेसाठी दोन-दोन वर्षे रोज पहाटे उठून धावलेला असतो. ही मुले धावतात, शिडी चढतात, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळतात. उंची, छाती व वजन यांच्या कसोट्यांतून पार पडतात. आणि मग, सारी दमछाक संपल्यावर, एका शांत खोलीत त्यांना एका तक्त्यासमोर बसविण्यात येते. सहा मीटरांवरच्या त्या तक्त्यातील नेमलेल्या ओळीची अक्षरे ज्याला वाचता येत नाहीत, त्याचे दोन वर्षांचे श्रम त्या ओळीपाशी संपतात.

ही ओळ कोणी ठरविली, कशासाठी ठरविली, आणि त्या तरुणाला पुढे जे काम करावयाचे आहे त्याच्याशी तिचे नाते काय, हे प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. नजरेची अट काढून टाका, अशी मागणी करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आग विझविणाऱ्याला उत्तम नजर असावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या अटीवर एकीकडे नागरिकांचे प्राण आणि दुसरीकडे तरुणांची आयुष्ये अवलंबून असतात, त्या अटीला स्वतःचे कारण सांगता आले पाहिजे. कारण न सांगणारी अट कडक भासते. पण ती भक्कम असतेच असे नाही.

प्रथम त्या तक्त्याविषयी. हॉलंडमधील उट्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ साली प्रसिद्ध केला. त्यामागील कल्पना अत्यंत सोपी आहे. डोळ्याशी पाच कला एवढा कोन करणारे अक्षर, म्हणजे सहा मीटरांवरून पाहता जेमतेम नऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर, ज्याला ओळखता येते त्याची नजर ६/६ समजावयाची. सर्वसाधारण डोळा जे बारा मीटरांवरून वाचतो ते वाचण्यासाठी ज्याला सहा मीटरांपर्यंत यावे लागते, त्याची नजर ६/१२. गेली दीडशेहून अधिक वर्षे जगभर हा तक्ता वापरात आहे आणि त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि तो मोजतो ती एकच गोष्ट: स्थिर बसलेल्या माणसाला, स्वच्छ उजेडात, समोरचे बारीक अक्षर किती स्पष्ट दिसते. बाजूने कोसळत येणारी तुळई डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल की नाही, मंद प्रकाशात जिन्याची पायरी ओळखता येईल की नाही, हे तो तक्ता सांगत नाही. तसे सांगण्याचा दावाही त्याने कधी केलेला नाही.

आता आग विझविणाऱ्याच्या डोळ्याला प्रत्यक्षात काय करावे लागते ते पाहू. त्याच्या कामाचे तीन टप्पे पडतात, आणि प्रत्येक टप्प्यावर नजरेची गरज वेगळी असते. पहिला टप्पा वाटेवरचा. घंटा वाजवीत गर्दीतून बंब हाकणाऱ्याला दूरचे, बाजूचे आणि हालते दिसावे लागते. दुसरा टप्पा इमारतीसमोरचा. धूर कोणत्या मजल्यावरून निघत आहे, त्याचा रंग व वेग काय, गच्चीत कोणी अडकले आहे काय, विजेची तार कोठून गेली आहे, हे अधिकाऱ्याने काही क्षणांत टिपावयाचे असते. तेथे चुकलेली नजर माणसे मारते. तिसरा टप्पा आतला. आणि येथेच सर्वसामान्य माणसाच्या कल्पनेला धक्का बसतो. धुराने भरलेल्या खोलीत ६/६ आणि ६/१२ हा भेद उरतच नाही. तेथे सर्वांचीच नजर शून्यावर येते. जवान भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर रांगत, पाण्याच्या नळीचा माग धरून पुढे जातो आणि तिच्याच आधाराने परत फिरतो. त्याचे डोळे म्हणजे त्याची बोटे, त्याचे कान आणि त्याच्या सोबत्याचा आवाज.

मग नैसर्गिक नजरेचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आहे, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहे. चष्मा हे नाजूक उपकरण आहे. तो घामाने घसरतो, वाफेने धुरकटतो, धक्क्याने पडतो. त्याहून महत्त्वाची अडचण मुखवट्याची. विषारी धुरात शिरणारा जवान पाठीवर हवेची नळकांडी आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा घालतो. त्या मुखवट्याची कड कातडीला सर्व बाजूंनी चिकटली पाहिजे. नेहमीच्या चष्म्याच्या काड्या कानावर जाताना त्या कडेखाली फट ठेवतात, आणि त्या फटीतून धूर आत येतो. म्हणजे चष्मा लावावा तर श्वास धोक्यात आणि काढावा तर नजर धोक्यात, असा हा पेच आहे. ज्यांनी चष्म्यावाचून उत्तम दिसण्याची अट घातली त्यांनी हा पेच डोळ्यांपुढे ठेवला असेल, तर त्यांना अविचारी म्हणता येणार नाही.

पण पेच पडला म्हणजे विचार थांबवावयाचा नसतो, तेथून तो सुरू करावयाचा असतो. अमेरिकेतील या प्रश्नाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७१ साली तेथील कामगार-सुरक्षेच्या नियमांत, दूषित हवेत मुखवटा घालून काम करणाऱ्याने कॉन्टॅक्ट लेन्स वापरू नयेत, असा निर्बंध आला. मुखवट्याच्या आत लेन्स सरकली, डोळ्यांत काही गेले, तर माणूस भर धुरात मुखवटा काढील, ही त्यामागची भीती. भीती तर्काला धरून होती. पण ती कोणी तपासून पाहिली नव्हती. पुढे १९८० च्या दशकात लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी अग्निशामकांनाच विचारले. मुखवट्याखाली अशा लेन्स लावून काम केलेले ४०३ जण त्यांना आढळले, आणि लेन्समुळे मुखवटा काढावा लागल्याचे त्यांपैकी केवळ ६ जणांनी सांगितले. १९९८ साली श्वसनसंरक्षणाचे नियम सुधारण्यात आले तेव्हा हा निर्बंध नाहीसा झाला. नियम करणाऱ्यांनी आपली भीती अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिली, आणि ती टिकली नाही तेव्हा मोकळ्या मनाने सोडून दिली. यात कोणाचा कमीपणा झाला नाही.

त्याच देशातील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने अग्निशामकांच्या आरोग्याविषयी जे मानक तयार केले, त्याची २०१३ सालची आवृत्ती पाहिली तर नजरेसाठी एक नव्हे, दोन आकडे दिसतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून, चष्मा वा लेन्स लावून, नजर किमान २०/४० म्हणजे आपल्या हिशेबाने ६/१२ असावी. आणि चष्मा किंवा कठीण लेन्स वापरणाऱ्याची त्यांवाचूनची नजर किमान २०/१००, म्हणजे सुमारे ६/३० असावी. पहिला आकडा कामासाठी, दुसरा संकटासाठी. चष्मा पडलाच तर माणसाला निदान दार, जिना आणि सोबती दिसून तो सुखरूप बाहेर पडू शकला पाहिजे, एवढाच दुसऱ्या आकड्याचा अर्थ. मऊ लेन्स डोळ्यावरून सहजी निसटत नाही, म्हणून ती दीर्घकाळ विनातक्रार वापरणाऱ्याला हा दुसरा आकडा लावलेला नाही. अमेरिकेची री आपण ओढावी, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. तेथील घरे वेगळी, साधने वेगळी. घेण्यासारखे आहे ते हे, की तेथे प्रत्येक आकड्यामागे एक वाक्य उभे आहे, आणि ते वाक्य आगीविषयी आहे.

आपल्याकडे काय दिसते? अनेक जाहिरातींत उंची सेंटिमीटरांत आणि वजन किलोग्रॅममध्ये स्पष्ट दिलेले असते. नजरेविषयी मात्र ‘दृष्टी निर्दोष असावी’, ‘चष्मा नसावा’, ‘रंगांधळेपणा नसावा’ अशा धाटणीची एखादी ओळ. निर्दोष म्हणजे किती? एका डोळ्याने की दोन्ही डोळ्यांनी? शस्त्रक्रियेने नंबर घालविलेला चालेल काय? या शेवटच्या प्रश्नात एक सामाजिक अन्यायही दडलेला आहे. जेथे चष्मा चालत नाही, परंतु लेसर शस्त्रक्रियेने सुधारलेली नजर चालते, तेथे कसोटी डोळ्यांची राहत नाही. ती बापाच्या खिशाची होते. अर्ध्या नंबराचा चष्मा असलेला मजुराचा मुलगा बाहेर आणि शस्त्रक्रियेचा खर्च पेलू शकणारा आत, ही निवड आगीने केलेली नव्हे.

रंगांधतेचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे चष्म्याचाही आधार नाही. हा दोष जन्मजात असतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळच अधिक आढळतो, आणि ज्याला तो असतो त्याला बहुधा त्याची जाणीवही नसते. पिकलेले फळ आणि कच्चे फळ तो सवयीने ओळखीत आलेला असतो. आपले तांबडे आणि इतरांचे तांबडे एक नव्हे, हे त्याला कळणार कसे? म्हणूनच वैद्यकीय तपासणीच्या दिवशी ठिपक्यांच्या चित्रातील आकडा दिसला नाही तर पहिला धक्का त्यालाच बसतो. हे ठिपक्यांचे तक्ते जपानचे शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले आणि ते आजही सर्वत्र वापरात आहेत. दोष आहे की नाही हे ते फार चोख सांगतात. पण त्या दोषामुळे एखादे विशिष्ट काम जमणार नाही, असा निकाल त्यांवरून परस्पर लावता येत नाही.

नोकरीसाठी रंगदृष्टी तपासण्याची प्रथा रेल्वेतून आली. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन ९ माणसे मृत्युमुखी पडली. उप्साला येथील शरीरशास्त्रज्ञ फ्रिट्योफ होल्मग्रेन यांनी या अपघातामागे रंगांधता असावी असे प्रतिपादन केले, रंगीत लोकरीच्या लडी जुळवावयास लावून परीक्षा घेण्याची आपली पद्धत रेल्वेच्या गळी उतरविली, आणि तेथून ती जगभर पसरली. तांबडा व हिरवा कंदील यांवर जेथे सारे चालते तेथे ही परीक्षा आवश्यक होती, यात शंका नाही. पण त्या विशिष्ट अपघाताचे कारण खरोखर रंगांधता होते काय, याविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऐतिहासिक संशोधनाने गंभीर शंका उपस्थित केली. नियम उपयुक्त, पण त्याची जन्मकथा संशयास्पद, असा हा प्रकार आहे. यावरून एवढा बोध घ्यावा, की कंदिलासाठी जन्मलेली परीक्षा बंबाला जशीच्या तशी लावण्यापूर्वी बंबावरच्या माणसाला कोणते रंग ओळखावे लागतात, हे पाहिले पाहिजे.

तर तेही पाहू. आपल्याकडे ऑक्सिजनचे नळकांडे काळे, ॲसिटिलिनचे गडद तपकिरी-तांबडे, क्लोरिनचे पिवळे असा संकेत आहे. तांबडा रंग ज्याच्या डोळ्याला जवळजवळ काळा दिसतो, असा माणूस कारखान्याच्या आगीत ॲसिटिलिन आणि ऑक्सिजन यांत गफलत करू शकेल. धुरातून उष्णता दाखविणारे कॅमेरे आता आले आहेत. त्यांच्या पडद्यावर अतितप्त जागा पिवळ्या-तांबड्या छटांनी दाखविण्याची पद्धत आहे. म्हणजे रंगदृष्टीची अट निराधार नाही. पण तिला अंश आहेत. वर सांगितलेल्या अमेरिकन मानकात सरसकट अपात्र ठरविले होते ते, रंगच दिसत नसल्यामुळे ज्याला असा कॅमेरा वापरता येत नाही, त्याला. सौम्य दोष असलेल्याला नळकांडी प्रत्यक्ष समोर ठेवून, कॅमेऱ्याचा पडदा दाखवून तपासता येणार नाही काय? ठिपक्यांतील आकडा वाचण्यापेक्षा ही परीक्षा कामाच्या अधिक जवळची आहे.

असा विचार आपल्या देशाला अपरिचित आहे असेही नव्हे. २०२० साली केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून सौम्य व मध्यम रंगांधता असणाऱ्यांना वाहनपरवान्याचा मार्ग मोकळा केला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये चित्रसंकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधतेमुळे प्रवेश नाकारण्यात आला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तज्ज्ञांची समिती नेमून तिच्या अहवालाआधारे रंगांध विद्यार्थ्यांना दार उघडून दिले. २०२३ साली तामिळनाडूतील वीजमंडळाच्या एका अभियंत्याच्या बाबतीतही त्याच न्यायालयाने योग्य ती सोय करून त्याला कामावर घेण्यास सांगितले. चित्रपटाचे संकलन आणि आगीशी झुंज यांत महदंतर आहे, हे आम्ही जाणतो. संकलनात रंग चुकला तर दृश्य बिघडेल. आगीत चुकला तर माणूस जाईल. म्हणून निर्णय तोच येईल, असे आमचे म्हणणे नाही. विचार करण्याची रीत तीच असावी, एवढेच म्हणणे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो, अशा स्थितीत निर्दोष डोळ्यांची माणसे मुबलक मिळत असता चष्मेवाल्यांचा विचार कशाला? आक्षेप व्यवहारी आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. अनेकांतून चांगल्यांची निवड करणे निराळे आणि कोणाला अपात्र ठरविणे निराळे. धावण्यात मागे पडलेल्याला उद्या अधिक सराव करून पुन्हा येता येते. डोळ्यांमुळे अपात्र ठरलेल्याला कायमचे घरी जावे लागते. जो निकाल कायमचा आहे, त्याचे कारण अधिक पक्के हवे. शिवाय तक्त्याच्या एका ओळीसाठी दल कोणाला गमावते याचाही हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे. संकटात डोके शांत ठेवणारी आणि सोबत्याला न सोडणारी माणसे कोठल्याही रांगेत मुबलक नसतात.

या प्रश्नाची दुसरी बाजू तर क्वचितच बोलली जाते. भरतीच्या दिवशी विशीतील तरुणाचे डोळे आपण इतके कसोशीने तपासतो. पण तोच तरुण पुढे तीसएक वर्षे त्या दलात काम करणार असतो. चाळिशी ओलांडली की जवळचे वाचण्यास चष्मा लागतो, हा निसर्गनियम आहे. मधुमेह डोळ्यांच्या पडद्याला पोखरतो, काचबिंदू दृष्टिक्षेत्र गुपचूप आकुंचित करतो, मोतीबिंदू उजेडातही धुके पसरतो. दारात कडक पहारा आणि आत गेल्यावर विचारपूस नाही, अशी रीत असेल तर ती अट सुरक्षिततेसाठी आहे, हे म्हणणे पोकळ ठरते. नोकरीतल्या जवानाला चष्मा लागला म्हणून त्याला घरी बसवावे असे कोणी म्हणणार नाही. उलट मुखवट्याच्या आत बसणारी चौकट त्याला दलाने पुरवावी. आणि अशी चौकट पंचेचाळिशीच्या अनुभवी माणसाला चालत असेल, तर बाविशीच्या उमेदवाराला ती का चालू नये, याचे उत्तर देण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांवर येते.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी तत्काळ करता येतील. नजरेची अट जाहिरातीत आकड्यांनी, चष्म्यासह व चष्म्यावाचून अशी स्वतंत्र, आणि शस्त्रक्रियेविषयीच्या नियमासह छापावी. डोळ्यांची तपासणी मैदानी परीक्षेच्या शेवटी न ठेवता आरंभी ठेवावी; किंबहुना अर्ज करण्यापूर्वीच नगरपालिकांच्या रुग्णालयांत ती विनामूल्य करून द्यावी, म्हणजे जे दार बंदच आहे त्यासाठी कोणी दोन वर्षे धावणार नाही. सीमारेषेवरील उमेदवाराला मुखवटा, शिडी, नळकांडी व कॅमेरा यांसह प्रत्यक्ष कामाची परीक्षा देण्याची संधी असावी, आणि निकालाविरुद्ध दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे दाद मागता यावी. आणि सेवेतील प्रत्येकाच्या डोळ्यांची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीने दलाची शिस्त सैल होत नाही. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. नजरेच्या कसोट्यांचा शास्त्रीय अभ्यास हाती घेण्यास त्याहून योग्य जागा कोणती असणार?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीच्या आगीत मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. अशा माणसांच्या जागी उद्या कोण उभे राहणार, हे ठरविणारी कसोटी कठोर असावी, अगदी निष्ठुर असली तरी चालेल. पण ती आंधळी नसावी. जो तरुण आपल्यासाठी धुरात शिरण्यास तयार आहे त्याला आपण ‘नाही’ म्हणणार असू, तर निदान त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ‘का नाही’ हेही सांगता आले पाहिजे.